कोरा पांढरा

मी जपानमधल्या अरिता गावातल्या एका लहान पोर्सिलेनच्या कारखान्यात रंगकामाच्या खोलीत बसते. माझं काम निळा भरायचं. रेषा काढणारी बाई वेगळी. तिनं काढलेल्या रेषांच्या आतली पानं, लाटा, ढग मी गोसूनं भरते. गोसू म्हणजे कोबाल्टचा रंग. त्यासाठीचा ब्रश चांगला जाडजूड असतो, भरपूर पाणी धरणारा, पण त्याचं टोक बारीक. ब्रश जरा दाबला की रंगाचं पाणी खाली उतरतं. ते टोकानं रेषेपर्यंत न्यायचं आणि जास्तीचं परत ब्रशमध्ये ओढून घ्यायचं. केस भांड्याला जेमतेम टेकतात, फिरतं ते पाणीच. भांडं एकदाच कच्चं भाजलेलं असल्यामुळे पाणी बघता बघता शोषून घेतं. हात मध्येच थबकला की तिथे डाग पडलाच म्हणून समजा, आणि तो लगेच दिसतही नाही, कारण या वेळी सगळंच करडं-जांभळं असतं. निळा कसा आलाय आणि डाग कुठे पडलाय, दोन्ही भट्टी उघडल्यावर कळतं. हे काम इथे पिढ्यान् पिढ्या बायकाच करत आल्या आहेत. आमच्या खोलीतल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाई अजूनही गोसू कडक चहाच्या पाण्यात घोटतात. चहातल्या टॅनिनमुळे रंग नीट बसतो, हे प्रयोगशाळेत कुणी सांगायच्या कितीतरी आधीपासून इथल्या बायकांना ठाऊक होतं.

माझ्या कामाची ही ओळख आधी करून दिली, कारण आज लिहायचंय ते अशा माणसाबद्दल, ज्यानं रंगकामासाठी जगभर नाव असलेल्या याच गावात आयुष्य काढलं आणि भांड्याला रंगाची गरज नाही असं ठरवलं. इनोउए मान्जी. पांढरं पोर्सिलेन, ज्याला इथे हाकुजी म्हणतात, त्यातला या काळातला सगळ्यांत मोठा कारागीर. मी दिवसभर निळा भरते, आणि तरी या गावातल्या ज्या कामापुढे मी सर्वांत जास्त वेळ उभी राहते ते त्यांचं आहे. का, ते नीट मांडायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी गावाचं थोडं. अरिता क्युशू बेटावर, सागा प्रीफेक्चरमध्ये आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून एक लांबट रस्ता, त्याच्या कडेनं दुकानं आणि भट्ट्या. गल्ल्यांमधून जुन्या भट्ट्यांच्या भाजक्या विटांच्या भिंती आहेत. त्या विटांवर राखेची काच होऊन ओघळलेली दिसते. वर तोझान देवळात १८८८ साली उभारलेलं पोर्सिलेनचं तोरी, म्हणजे देवळाची कमान आहे, पांढऱ्यावर निळ्या वेलबुट्टीचं, आणि देवळाच्या पायऱ्यांसमोरूनच रेल्वेचे रूळ जातात. १६१६ साली री सानपेई या कोरियन कुंभारानं इझुमियामाच्या डोंगरात पोर्सिलेनचा दगड शोधला, असं इथे सगळे मानतात. जपानचा त्या वेळचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या कोरियावरच्या स्वाऱ्यांमध्ये जी माणसं इकडे आणली गेली, त्यांतला तो एक. जपानचं पोर्सिलेन उभं राहिलं ते अशा आणलेल्या माणसांच्या हातांवर. गावात त्याचं स्मारक आहे, दर वर्षी उत्सव होतो, मान दिला जातो. ते योग्यच आहे, पण तो स्वखुशीनं आला नव्हता हे मी पाहुण्यांना नेहमी आधी सांगते. १६३७ मध्ये नाबेशिमा सरदारांनी या भागातल्या ८२६ जपानी कुंभारांना हाकलून दिलं आणि भट्ट्या १३ ठिकाणी एकवटल्या. कारण साधं होतं. लाकूडतोडीनं डोंगर उघडे पडत चालले होते आणि या नव्या धंद्यावर सरदारांना आपली मूठ हवी होती.

इझुमियामाची खाण आजही जाऊन बघता येते. डोंगर होता तिथे आता मोठा खड्डा आहे. चारशे वर्षांत त्या डोंगराची ताटं-वाट्या झाल्या. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: अरिताचं पोर्सिलेन मातीचं नसून दगडाचं असतं. चीनमध्ये किंवा युरोपात केओलिन मातीत इतर खनिजं मिसळून मिश्रण बनवतात. इथला दगड फोडून, कुटून, पाण्यात निथळवला की त्या एकाच दगडाची मळता येईल अशी लगदी होते. आज बहुतेक सगळे कारखाने कुमामोतोतल्या आमाकुसा बेटांवरचा दगड वापरतात. तो जवळच्या शिओतामध्ये दळून, गाळून, विटांसारख्या लाद्या करून आमच्याकडे येतो. इझुमियामाच्या दगडात लोह जास्त आणि तो चाकावर हट्टी, म्हणून तो मागे पडला. आमाकुसाचा त्या मानानं पांढरा. पण लोह त्यातही असतंच. म्हणूनच लगदी चुंबकावरून फिरवतात आणि तरीही काही कण निसटतात. या निसटलेल्या कणांबद्दल पुढे बोलायचं आहे.

आता रंगाचं. १६४० च्या दशकात इथे ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या वर लाल-हिरव्या रंगांचं काम सुरू झालं आणि पहिल्या साकाइदा काकिएमोनचं नाव त्याच्याशी जोडलं गेलं. हे नाव त्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. १६५९ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीनं ५० हजारांहून जास्त नगांची मागणी नोंदवली. माल इमारी बंदरातून जायचा, म्हणून युरोपात त्याला इमारी म्हणू लागले. १७१० साली जर्मनीत माइसेनचा कारखाना निघाला आणि तिथे काकिएमोनचे लावे पक्षी, बांबू, पाइन जसेच्या तसे उतरवले गेले. त्या घराण्याची जी खास पांढरी पाटी, निगोशिदे, तिचा रंग तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा, दुधाळ, त्यात निळसर झाक अजिबात नाही. लाल रंग उठून दिसावा म्हणून ती पांढरी अशी ऊबदार ठेवलेली. वेगवेगळ्या खाणींचे तीन दगड ठरलेल्या प्रमाणात मिसळून ती लगदी होते, आणि ती इतकी हट्टी आहे की वाळताना आणि भाजताना बरेच नग तडकतात. अठराव्या शतकात हे तंत्र बंद पडलं. बाराव्या आणि तेराव्या काकिएमोननं वर्षानुवर्षं जुन्या नोंदी चाळून, भट्ट्यांमागून भट्ट्या वाया घालवून १९५३ मध्ये ते पुन्हा साधलं.

इनोउए मान्जी १९२९ साली अरितातच जन्मले, भट्टी चालवणाऱ्या घरात. किशोरवयात नौदलाच्या वैमानिकांच्या प्रशिक्षणात भरती झाले. १९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. त्या मुलांना ज्यासाठी तयार केलं जात होतं ते, म्हणजे आत्मघाती हल्ले, आपण सगळे जाणतो. ते गावी परतले आणि वडिलांच्या सांगण्यावरून बाराव्या काकिएमोनच्या भट्टीत शिकायला गेले. म्हणजे हरवलेला पांढरा परत मिळवायची धडपड ज्या घरात त्या वर्षांत चालू होती, त्याच घरात हा मुलगा चाकावर बसायला शिकला. त्या धडपडीत त्यांचा हात होता असं मी म्हणत नाही. पण पांढरा म्हणजे नुसती कोरी जागा नसते, तो मिळवावा लागतो, हे त्या घरात वावरणाऱ्या कुणाच्याही अंगात मुरलं असणार असं मला वाटतं.

काकिएमोनसारख्या घराण्यात कामाची वाटणी असते. दगड-माती बघणारे वेगळे, चाकावरचे वेगळे, रेषा काढणारे, भरणारे, ग्लेझ लावणारे, भट्टी लावणारे, सगळे वेगळे. शेवटी नाव एकच लागतं. बाहेरच्या लोकांना हे खटकतं, मला खटकत नाही. सरकारनंही १९७१ मध्ये निगोशिदेचा मान काकिएमोन घराण्याच्या तंत्र जपणाऱ्या मंडळाला दिला, एकट्या माणसाला नाही, ते बरोबरच केलं. मात्र त्या वाटणीत चाकावरच्या माणसाच्या वाट्याला एक गोष्ट येते: त्याचा आकार हा कायम पुढच्या माणसासाठीची तयारी असतो. तो बरणी करतो, आणि लोक बघतात ती तिच्यावरची फुलं.

इनोउएंच्या आयुष्याला वळण मिळालं ते ओकुगावा चुएमोन यांच्या पांढऱ्या भांड्यांमुळे. ती बघून ते त्यांच्याकडे शिकायला गेले. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. हातात कसब आलेलं, मोठ्या घराण्यात जागा मिळालेली, आणि अशा वेळी तरुण माणूस पुन्हा शिकाऊ होतो, तेही विकायला सगळ्यांत कठीण अशा मालासाठी. पुढे त्यांनी प्रीफेक्चरच्या सिरॅमिक संशोधन केंद्रातही काम केलं. म्हणजे हाताच्या शिक्षणाच्या जोडीला दगड, ग्लेझ, तापमान यांचा अभ्यास आला. अरितात ज्यांचं काम टिकलं, त्यांच्यात ही दोन्ही अंगं जवळजवळ नेहमी सापडतात.

चाकाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पांढऱ्या भांड्याचं सगळं तिथेच ठरतं. आमच्या कारखान्यात चाकावर बसणारे गृहस्थ वयानं साठीच्या पुढचे आहेत. सकाळी पहिली गोष्ट म्हणजे लगदी मळणं. गोळा एका हातानं दाबत, दुसऱ्यानं वळवत जातात तेव्हा त्यावर शेवंतीसारख्या पाकळ्या उमटतात. आतली हवा निघून जाईपर्यंत हे चालतं. मग चाकावर गोळा वर उचलायचा, खाली दाबायचा, पुन्हा वर, पुन्हा खाली. दगडाच्या लगदीला लवचिकपणा कमी. मातीत चालेल असा निष्काळजी दाब इथे चालत नाही, भिंत सरळ फाटते किंवा बसकण मारते. म्हणून अरितात बोटांपेक्षा लाकडी पट्टीवर भर. भिंत वर चढवायची ती आतून हेरा नावाची वळणदार पट्टी लावून, लगदी दाबून घट्ट करत. प्रत्येक आकारासाठी पट्टी वेगळी, आणि कारागीर ती स्वतः तासून घेतो. आमच्या गृहस्थांच्या मागच्या भिंतीवर अशा पट्ट्यांच्या रांगा टांगलेल्या आहेत, काहींच्या कडा झिजून पार बदलून गेल्यात, पण टाकलेली एकही नाही. माप घ्यायला बांबूच्या काड्यांचा क्रॉस असतो, उभी काडी खोली सांगते आणि आडवी रुंदी. ते माप पक्क्या भांड्याचं नसतं, ओल्या भांड्याचं असतं, कारण वाळून आणि भाजून भांडं साधारण १३ ते १५ टक्के आक्रसतं. हातात जे दिसतंय त्याहून लहान भांडं डोळ्यांपुढे ठेवून काम करायचं.

याच्यापुढची अडचण जास्त बारीक आहे. ही लगदी आपल्यावर झालेलं सगळं लक्षात ठेवते. चाक फिरताना तिला जो पीळ बसला तो वाळल्यावर दिसत नाही, तासल्यावर दिसत नाही, पण १३०० अंशांच्या आसपास भांडं मऊ होतं तेव्हा तो पीळ उलगडतो. चाकावर केलेली चहाच्या किटलीची नळी जोडताना मुद्दाम थोडी वाकडी जोडतात, म्हणजे भट्टीत ती फिरून सरळ होते. ताटाचा मधला भाग जरा उचलून ठेवतात, कारण तो तिथे बसणारच. बरणीच्या खांद्याला किती तोलायचं, पोट किती फुगवलं तर ते भट्टीत ओघळणार नाही, हे सगळं आधीच आकारात धरलेलं असतं. आपण बघतो ती गोल बरणी चाकावर कधीच नेमकी तशी नव्हती. चाकावर जे होतं त्याचं भट्टीनं जे केलं, ते आपल्यासमोर आहे, आणि कारागिराला ते दोन्ही आकार एकाच वेळी ठाऊक होते.

मग तासणी. भांडं बऱ्यापैकी वाळलं की उलटं ठेवून लोखंडी वाकड्या हत्यारानं बाहेरून तासत जातात. पांढरी, कोरडी साल लांब रिबिनीसारखी सुटते आणि खाली साचते. किती तासायचं याचं माप कानात असतं. आमचे गृहस्थ दर थोड्या वेळानं बोटाच्या नखानं भांड्यावर टिचकी मारतात. जाड असेल तर आवाज दबलेला येतो, पातळ होत जाईल तसा तो मोकळा होतो. खांद्यापासून बुडापर्यंत टिचक्या मारत जातात, एखाद्या ठिकाणी थांबतात, पुन्हा हत्यार लावतात. रंगकामाच्या खोलीतून मला तो आवाज ऐकू येतो, आणि आता मलाही कळतं की अजून किती बाकी आहे.

रंग भरायचा असेल तर या सगळ्यात थोडी सूट मिळते. मी हे कमी लेखण्यासाठी म्हणत नाही, ही वस्तुस्थिती आहे. खांद्याची रेषा जरा सैल असेल तर तिथे एक पट्टा येतो आणि नजर पट्ट्यावर जाते. निसटलेल्या लोहाच्या कणाचा काळा ठिपका भट्टीनंतर उमटला, तर वरच्या रंगात काम करणारी बाई त्यावर पाकळी किंवा एखादा किडा बसवू शकते. माइसेनमध्येही विखुरलेली फुलं अशा ठिपक्यांवर बसवत. कोऱ्या पांढऱ्या भांड्यावर ठिपका आला की भांडं गेलं. टाचणीच्या टोकाएवढा असला तरी गेलं. ग्लेझमध्ये बारीक छिद्र राहिलं, एका बाजूला थर जाड बसला, भट्टीत हवा मध्येच जास्त झाली आणि पांढऱ्यावर पिवळट छटा चढली, तरीही गेलं. ऑक्सिजन कमी ठेवून भाजलं की उरलेलं थोडं लोह फिकट निळसर छटा देतं, आणि अरिताच्या पांढऱ्याचा थंडपणा तिथून येतो. पारंपरिक ग्लेझमध्ये दगडाच्या पुडीबरोबर इसू झाडाची राख असते. तिनं ग्लेझ वितळतं पण फार पाणचट होत नाही, त्याला खोली राहते. या खोलीमुळेच पांढऱ्या भांड्याच्या वळणावर प्रकाश एकदम संपत नाही, हळूहळू कमी होत जातो.

इथल्या क्युशू सिरॅमिक संग्रहालयाकडे इनोउएंची भांडी आहेत. त्यांच्या एका गोल बरणीबद्दल सांगते. तोंड लहान, मान जवळजवळ नाहीच, खांदा उचलून पोटात उतरतो आणि पोट बुडाकडे आत वळतं. एवढंच. खाली बसून, डोळे पोटाच्या पातळीवर आणून बाहेरची रेषा बघायला लागले, तर ती वर्तुळाची रेषा नाही हे लक्षात येतं. सर्वांत रुंद जागा बरोबर मध्यावर नाही, किंचित वर आहे. त्यामुळे एवढी भरलेली बरणी जमिनीवर टेकल्यासारखी न वाटता उभी राहिल्यासारखी वाटते. बुडाचं कडं आपल्याला वाटतं त्याहून लहान आहे. मी किती शोधली तरी रेषेत कुठे गाठ सापडत नाही, म्हणजे इथे एक दाब संपला आणि दुसरा सुरू झाला अशी जागा. माझ्या कामात अशा जागा मला रोज दिसतात, कारण ब्रश भरावाच लागतो. चाकावरही पट्टी कुठेतरी थांबते, हात कुठेतरी बदलतो. त्या बरणीत तो बदल आहे, नसणं शक्यच नाही, पण तो लपवलेला वाटत नाही. तिथे हाताला थांबायची गरजच पडली नसावी असं वाटतं.

आकारच भांड्याचा अलंकार, हा त्यांचा विचार इथे सगळ्यांना पाठ आहे. त्यांचं सगळंच काम कोरं नाही. काही भांड्यांवर पिओनीची किंवा आलुबुखाराच्या झाडाची फुलं कोरून त्या कोरीव भागात फिकट हिरवं ग्लेझ भरलेलं आहे. काहींच्या अंगावर उभ्या किंवा तिरप्या कडा फिरतात. कोरीव फुलं सुंदर आहेत आणि लोकांना ती जास्त आवडतात, विकलीही जास्त जात असतील. मला विचाराल तर तिथेही माझी नजर फुलावरून घसरून खांद्यावर जाते. कडा फिरवलेली भांडी मला जास्त पटतात, कारण तिथे कडेची ओळ आकाराच्या मागून जाते, आकारावर बसत नाही.

आमच्या खोलीतल्या ज्येष्ठ बाईंना हे मान्य नाही. त्यांच्या मते पांढरं भांडं म्हणजे आपल्याकडे येण्याआधीचं भांडं. त्यांनी हे अगदी शांतपणे सांगितलं, निळ्याची वाटी घोटता घोटता. त्यांच्या आईनंही हेच काम केलं होतं. अरिता जगाला माहीत झालं ते रंगानं, आणि इथल्या शेकडो घरांची चूल पेटली ती रंगावर, हे त्यांचं म्हणणं खोडता येत नाही, मी खोडत नाही. शिवाय काकिएमोन असोत, इमाएमोन असोत, त्यांच्या आजच्या पिढ्यांचं काम बघितलं तर रंगात करण्यासारखं संपलंय असं कुणी म्हणणार नाही. चौदावे इमाइझुमी इमाएमोन शाईनं रेषा काढतात, वरून गोसू फिरवतात. शाईच्या जागी रंग धरत नाही, आणि कच्च्या भाजणीत शाई जळून गेली की तिथे पांढरी रेषा उरते. म्हणजे रंगवणाऱ्या घराण्यातला माणूसही शेवटी पांढऱ्याकडे वळला. हे मी बाईंना सांगितलं, त्यावर त्या म्हणाल्या, ती रेषा दिसते कारण आजूबाजूला निळा आहे. आमच्यात हा विषय अजून मिटलेला नाही.

१९९५ मध्ये इनोउए मान्जींना पांढऱ्या पोर्सिलेनसाठी जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून मान मिळाला. या योजनेचा पाया १९५० चा सांस्कृतिक वारसा संरक्षण कायदा. व्यक्तींना हा मान द्यायला १९५५ मध्ये सुरुवात झाली. वर्षाला २० लाख येन मिळतात. ऐकायला मोठी रक्कम, पण मोठी भट्टी लावणाऱ्या माणसाला यात फार काही होत नाही. त्या पैशांबरोबर अपेक्षा येते ती अशी की कसब वाढवायचं आणि पुढच्यांना द्यायचं. या दुसऱ्या बाबतीत इनोउएंचं काम मानाच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. १९६९ मध्ये ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात शिकवायला गेले. पुढे न्यू मेक्सिकोतही त्यांच्या पद्धतीनं पोर्सिलेन शिकवलं जाऊ लागलं. अरितातलं कसब पूर्वी घराबाहेर जाऊ देत नसत. लाल रंगाची कृती तर वारसाशिवाय कुणाला कळू नये अशी व्यवस्था होती. नाबेशिमांच्या काळात त्यांच्या खास भट्ट्या असलेल्या ओकावाचियामाच्या दरीच्या तोंडाशी चौकी बसवून तिथल्या कारागिरांना आत ठेवलं होतं. अशा अरिताचा माणूस समुद्रापलीकडे जाऊन पट्टी कशी धरायची ते अनोळखी विद्यार्थ्यांना दाखवतो, हे मला त्यांच्या बरण्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं. नाहीतर माझ्यासारखी परदेशातून आलेली बाई इथे ब्रश घेऊन बसू शकली नसती.

नव्वदी ओलांडल्यावरही ते चाकावर बसत. त्यांच्या चित्रफिती सहज सापडतात. त्यांत मी हात बघतच नाही, कोपर बघते. कोपर मांडीला किंवा बरगडीला टेकवलेलं असतं, हलत नाही, आणि सगळी हालचाल पाठीतून येते. नवशिक्याचं कोपर हवेत असतं. आमच्या गृहस्थांकडे शिकायला येणाऱ्या मुलांना पहिले काही महिने एकच वाटी करायला लावतात, सारखी तीच. बाजूला ठेवून मोजायची, वेगळी दिसली की मोडून पुन्हा गोळा. कुणी विचारतं की आम्हाला स्वतःचं काही कधी करता येणार. गृहस्थ उत्तर देत नाहीत. मला हे पूर्वी कठोर वाटायचं, आता वाटत नाही. पोटाचा रुंद भाग किंचित वर ठेवायचा हे सुचणं अवघड नसेल. सुचलेलं हातानं तंतोतंत व्हावं, यासाठी हाताला आधी दुसरं काहीतरी तंतोतंत करता यायला हवं.

गावाची स्थिती आज फार चांगली नाही. नव्वदच्या दशकापासून हॉटेलं आणि रेस्टॉरंटांच्या मोठ्या मागण्या आटत गेल्या आणि विक्री उतरतच राहिली. लहान कारखाने बंद झाले. काही घरांवर अजून नावाची पाटी आहे पण आत चाक नाही. २०१६ मध्ये ४०० वर्षं झाली तेव्हा परदेशी डिझायनरांबरोबर नवा माल आला, त्यातला काही खरंच चांगला आहे, साधा, बराचसा पांढराच. तो साच्यात ओतलेला असतो. साच्यावर माझा राग नाही, रोजच्या ताटाला साचा हवाच. पण साच्यातून काढलेल्या बरणीची रेषा कुणीतरी एकदा ठरवलेली असते आणि मग तीच येत राहते. चाकावरची प्रत्येक वेळी नव्यानं ठरते, आणि ती ठरवू शकणारी माणसं कमी होत चालली आहेत. इनोउएंच्या घरात मुलगा आणि नातू दोघंही याच कामात उतरले. नातवाच्या काही भांड्यांवर ग्लेझचे थेंब ओघळलेले दिसतात, आजोबांनी बहुधा कधी केलं नसतं असं काम. पहिल्यांदा बघून मी जरा बिचकले होते. आता थेंबांखालचा आकार बघते, आणि तो आजोबांकडूनच आलाय.

कुणाला यायचं असेल तर हाकाता स्टेशनवरून मिदोरी एक्सप्रेस थेट अरिताला येते, साधारण सव्वा-दीड तास लागतो. क्युशू सिरॅमिक संग्रहालय स्टेशनवरून चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि तिथल्या कायमच्या दालनांना तिकीट नाही. आधी जुनी इमारी, नाबेशिमाची ताटं बघून घ्या, डोळे रंगानं भरू द्या. पांढरी भांडी शेवटी. उभं राहून वरून बघू नका, खाली वाका, खांद्याच्या रेषेवरून नजर बुडापर्यंत न्या आणि भोवती फिरून दुसऱ्या बाजूनं तेच पुन्हा करा. २९ एप्रिल ते ५ मे या काळात आलात तर गावात भांड्यांचा मोठा बाजार भरलेला असतो, रस्त्याच्या दोन्ही कडांना, आणि चालायला जागा नसते. तेव्हा संग्रहालयात मात्र सकाळी लवकर जा. बाजारात कोरी पांढरी वाटी घ्यायची झाली तर उन्हात धरून आतून बघा, काठावर बोट फिरवा, उलटी करून बुडाचं कडं बघा, आणि विक्रेत्याला विचारून नखानं एक टिचकी मारा.